नाव सापडण्याआधी : अतिदक्षता विभागातल्या गोष्टी आपण कशा सांगतो

आज आपण आजारांच्या गोष्टींबद्दल बोलणार आहोत, त्यातही अशा आजारांच्या, ज्यात माणूस आयसीयूत पडलेला असतो, जीव जाईल की राहील हे कुणाला सांगता येत नसतं आणि झालंय काय तेच कळत नसतं. सुरुवातीलाच एक खुलासा करतो. आम्ही डॉक्टर नाही. आम्ही वाचक आहोत आणि गेली बरीच वर्षं लोकांनी लिहिलेली आजारपणं वाचत आलो आहोत. तेव्हा इथे औषधाचा सल्ला मिळणार नाही. ज्यांना तो हवा असेल त्यांनी आत्ताच उठून गेलेलं बरं. (हशा)

मग हा विषय का घेतला, ते सांगायला आमच्या घरातली गोष्ट सांगावी लागेल. काही वर्षांपूर्वी भाद्रपदात आमची आत्या तापाने आजारी पडली. ती विदर्भात राहते, शेतावर जाते, गवत कापते. पाच दिवस ताप, डोकं फुटेल इतकं दुखणं, गावच्या डॉक्टरांच्या गोळ्या. सहाव्या दिवशी धाप लागली आणि रक्तदाब खाली आला. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूत घेतलं. मलेरियाची तपासणी झाली, नाही निघाला. डेंग्यूची झाली, नाही निघाला. प्लेटलेट्स कमी, यकृताचे आकडे चढलेले, दोन्ही फुफ्फुसं पांढरी. व्हेंटिलेटर लागला. चौथ्या दिवशी सकाळी एक सिस्टर तिचं अंग पुसत होत्या. छातीच्या खालच्या घडीत त्यांना एक काळी खपली दिसली, विडीचा चटका बसावा तशी. दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे आत्याने ती कुणाला सांगितलीच नव्हती. तपासणाऱ्यांनी तिथलं कापड उचललं नव्हतं. सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावून दाखवलं. स्क्रब टायफस. गवतातल्या बारीक माइटच्या अळीच्या चाव्यातून होणारा. डॉक्सिसायक्लिन नावाचं जुनं, स्वस्त औषध नळीतून सुरू झालं आणि दोन दिवसांत ताप उतरला.

आता आमच्या घरात ही गोष्ट कशी सांगतात ते ऐका. 'डॉक्टरांनी बरोब्बर ओळखलं हो!' एवढंच. त्या सिस्टर गोष्टीतून गेल्या. अंग पुसणं गेलं. आधीचे चार दिवस, ज्यात नाव माहीत नसताना आत्याला जिवंत ठेवलं गेलं, तेही गेले. पुढे बरं वाटल्यावर त्याच डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं की, या दिवसांत, या भागात, असा ताप म्हटल्यावर ते औषध पहिल्याच दिवशी संशयावर सुरू करायला हवं होतं. हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. आमच्या गोष्टीत तेही राहिलं नाही. उरला तो एक हुशार माणूस आणि एक क्षण.

आम्हाला वाटलं, हे आपल्याच घरात झालं का? की ही गोष्ट सांगायची रीतच तशी आहे? म्हणून आम्ही पुस्तकांकडे वळलो.

घड्याळाचं चित्र

पहिलं पुस्तक सुझाना कहालान यांचं, 'ब्रेन ऑन फायर'. २०१२ साली प्रसिद्ध झालं, खूप वाचलं गेलं. आपल्यापैकी काहींनी चित्रपट पाहिला असेल. कहालान 'न्यू यॉर्क पोस्ट'मध्ये वार्ताहर होत्या. २००९ साली, वय वर्षं २४. आधी घरात ढेकूण झाल्याची शंका घेऊ लागल्या. मग संशय, चिडचिड, झोप नाही, मग झटके. एका डॉक्टरांनी दारू आणि जागरणं हे कारण धरलं. एकीकडे मानसिक आजाराचं नाव घेतलं गेलं. एमआरआय नॉर्मल, मेंदूचा आलेख नॉर्मल. रुग्णालयात त्या हळूहळू बोलायच्या, चालायच्या थांबल्या. मग डॉ. सुहेल नज्जार आले. त्यांनी कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं. कहालान यांनी गोल काढला आणि एकपासून बारापर्यंतचे सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबले. डावी बाजू कोरी. म्हणजे मेंदूचा उजवा भाग सुजलेला आहे, हा वेडाचा प्रकार नव्हे. पुढे मेंदूचा तुकडा काढून तपासला गेला, रक्त आणि पाठीतलं पाणी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉ. होसेप दाल्माऊ यांच्याकडे गेलं आणि नाव मिळालं : अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. शरीराची संरक्षण यंत्रणाच मेंदूतल्या पेशींच्या एका महत्त्वाच्या दरवाजावर चाल करून जाते. आठवण, वागणूक, हालचाल, पुढे पुढे तर श्वाससुद्धा या दरवाजावर अवलंबून असतो. दाल्माऊ आणि सहकाऱ्यांनी हा आजार २००७ साली १२ स्त्रियांच्या अभ्यासातून नीट मांडला होता. कहालान लिहितात की त्या या आजाराचं निदान झालेल्या जगातल्या २१७व्या व्यक्ती होत्या.

आता पुस्तक म्हणून बघू. पुस्तकाचे तीन भाग आहेत आणि मधल्या भागाचं नाव आहे 'घड्याळ'. पुस्तकाचा कणा म्हणजे ते चित्र. त्याआधी अंधार, त्यानंतर उजेड. चित्रपटाने तर हेच पकडलं आणि बाकीचं भराभर उरकलं. वाचकाला हे आवडतं, कारण आपण गुप्तहेरकथा वाचून वाढलेली माणसं आहोत. आणि हे नातं जुनं आहे. शेरलॉक होम्स रचताना कॉनन डॉइल यांच्यासमोर एडिंबरोचे त्यांचे शिक्षक डॉ. जोसेफ बेल होते, रुग्णाकडे नुसतं बघून बरंच काही ओळखणारे. पुढे टीव्हीवर २००४ ते २०१२ 'हाउस' ही मालिका चालली, तिचा डॉक्टर होम्सवरून बेतलेला, इतका की त्याच्या घराचा क्रमांकही २२१ बी. म्हणजे डॉक्टरवरून गुप्तहेर झाला आणि गुप्तहेरावरून पुन्हा डॉक्टर. या फेऱ्यात आपल्या मनात एक साचा पक्का बसला : आजार म्हणजे गुन्हेगार, लक्षणं म्हणजे पुरावे, निदान म्हणजे शेवटच्या पानावरचं नाव. नाव कळलं की गोष्ट संपली.

कहालान यांच्या पुस्तकावर मात्र हा आरोप पूर्ण लागू होत नाही, आणि हे सांगणं आम्हाला न्यायाचं वाटतं. कारण चित्राच्या पलीकडे पुस्तक बरंच आहे. त्यांना स्वतःला त्या महिन्याची आठवण जवळजवळ नाही. म्हणून त्या स्वतःच्याच आजारपणाची बातमी काढायला निघतात. रुग्णालयाची कागदपत्रं, निरीक्षणासाठी खोलीत लावलेल्या कॅमेऱ्याची चित्रणं, आईवडिलांनी लिहिलेली वही. आईवडील विभक्त होते, पण पाळीपाळीने मुलीजवळ बसायचे आणि एकाच वहीत एकमेकांसाठी नोंदी ठेवायचे. आम्हाला विचाराल तर त्या वहीची पानं ही पुस्तकातली सगळ्यात खरी पानं आहेत. घड्याळाचं चित्र एका दिवसाचं, वही रोजची. आज काय खाल्लं, किती बोलली, कोण डॉक्टर आले, काय म्हणाले. आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसलेल्या कुठल्याही मराठी घराला ही वही ओळखीची वाटेल. आपल्याकडे ती बहुधा औषधांच्या बिलाच्या पाठीवर असते.

आणि तिसरा भाग, बरं होण्याचा. इथे पुस्तक गुप्तहेरकथेचा साचा मोडतं. नाव कळल्यावर स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, रक्तातला द्रव बदलणं असे उपचार झाले, पण माणूस लगेच परत आला नाही. कित्येक महिने शब्द सापडत नव्हते. नंतर ५७७ रुग्णांचा मोठा अभ्यास २०१३ साली आला, त्याचंही म्हणणं तेच : उपचार मिळालेल्या दहापैकी सुमारे आठ जण चांगले सुधारतात, पण सुधारणा दीड-दोन वर्षं चालू राहते. बऱ्याच जणांना मधल्या काळात अतिदक्षता विभागात राहावं लागतं. म्हणजे नाव सापडल्यावर गोष्ट संपत नाही, खरं तर तिथून लांबचा रस्ता सुरू होतो.

मग आमची तक्रार काय? तक्रार पुस्तकाच्या मांडणीत नसलेल्या माणसाबद्दल आहे. कहालान यांचे उपचार सुमारे दहा लाख डॉलरचे झाले, हे त्या स्वतःच लिहितात, विम्याने बहुतेक भार उचलला हेही सांगतात. त्यांच्या मागे आईवडील होते, ओळखी होत्या, हट्ट करून दुसरं मत मागायची ताकद होती. ज्याच्यामागे हे नाही, त्याचं काय? हा प्रश्न त्यांना स्वतःलाही सुटला नाही. 'द ग्रेट प्रिटेंडर' या २०१९च्या पुस्तकात त्या सांगतात की एका मनोरुग्णालयात व्याख्यान दिल्यावर तिथल्या डॉक्टरांना त्यांच्याच आजाराची एक तरुणी सापडली. स्किझोफ्रेनिया समजून तिच्यावर दोन वर्षं उपचार चालले होते. उशीर झाल्याने ती पूर्ववत होणं शक्य नव्हतं. कहालान तिला आपलं आरशातलं प्रतिबिंब म्हणतात. लक्षात घ्या, पहिल्या पुस्तकाला लागणारी टीका लेखिकेने पुढच्या पुस्तकात स्वतःच लिहिली. समीक्षकाला यापेक्षा अधिक काय हवं?

आणि इथे आम्हाला थोडं मागेही यावं लागतं. ही तरुणी सापडली कशामुळे? व्याख्यानामुळे. गोष्टीमुळे. घड्याळाचं ते चित्र इतकं नाट्यमय नसतं, तर त्या डॉक्टरांच्या लक्षात राहिलं असतं का? तेव्हा 'नाट्य करू नका' असा उपदेश आम्ही करणार नाही. नाट्य आठवणीत राहतं, आणि आठवलेली गोष्ट कुणाचा तरी जीव वाचवू शकते. आमचं म्हणणं एवढंच की नाट्य कुठे आहे, हे ओळखण्यात आपण चुकतो.

विंचू सगळ्यांना दिसत होता

आता दुसरी गोष्ट, आपल्या जवळची. डॉ. हिंमतराव बावस्कर. मूळचे जालना जिल्ह्यातले, गरिबीतून शिकलेले. १९७६च्या सुमारास रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं आत्मचरित्र 'बॅरिस्टरचं कार्टं' मराठी वाचकांना माहीत आहे. आपल्याकडे ते वाचलं जातं ते जिद्दीची कहाणी म्हणून, मुलांना वाढदिवसाला द्यायचं पुस्तक म्हणून. जिद्द आहेच. पण आम्ही आज त्यांच्या शोधनिबंधांबद्दल बोलणार आहोत, कारण आमच्या मते त्यांची खरी गोष्ट तिथे आहे आणि तिचा आकार गुप्तहेरकथेच्या अगदी उलटा आहे.

विचार करा. कोकणातला लाल विंचू चावून माणूस आरोग्य केंद्रात येतो. आजाराचं नाव शोधायचंय का? नाही! विंचू चावलाय हे सगळ्या गावाला माहीत आहे. बऱ्याचदा मेलेला विंचू पिशवीत घालून आणलेला असतो. गुन्हेगार पहिल्याच पानावर पकडलेला आहे. तरीही धडधाकट माणसं, लहान पोरं काही तासांत तोंडाला फेस येऊन, छातीत पाणी भरून मरत होती. तेव्हा गंभीर दंशात शंभरातले तीसेक दगावत. देणारे डॉक्टर काय देत होते? गुंगीच्या औषधांचं मिश्रण, अॅट्रोपिन, स्टेरॉइड. तरी माणूस जात होता. नाव माहीत होतं, आणि त्या नावाचा काडीचा उपयोग होत नव्हता.

कोडं वेगळंच होतं : विंचवाचं विष माणसाला मारतं ते कोणत्या वाटेने? बावस्करांनी रुग्णाजवळ बसून नोंदी केल्या. १९८२ साली 'द लॅन्सेट'मध्ये त्यांनी लिहिलं की पुढे हृदयावर परिणाम होणार आहे हे आधी ओळखता येतं : उलटी, दरदरून घाम, लाळ, हातपाय थंड पडणं, पुरुषांमध्ये लिंगाची ताठरता. ही यादी वाचा. यात एकही यंत्र नाही. हात लावून, डोळ्यांनी बघून, जवळ बसून कळणाऱ्या गोष्टी आहेत. मग चित्र असं जुळलं : विष मज्जातंतूंना थांबू देत नाही, शरीरात अॅड्रेनलिनच्या जातीच्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय त्या भाराखाली थकतं आणि फुफ्फुसात पाणी साचतं. म्हणजे माणूस विषाने थेट मरत नाही, स्वतःच्या शरीराने उठवलेल्या वादळाने मरतो. वाट कळल्यावर अडवायचं कुठे ते कळलं. आवळलेल्या वाहिन्या सोडवायच्या. आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं, पण ते ठिबकून द्यावं लागतं आणि त्यावर सतत नजर लागते. मग प्राझोसिन, रक्तदाबाची साधी गोळी, १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये. रुग्णाला आडवं ठेवायचं, कारण पहिल्या गोळीने उभ्या माणसाला भोवळ येऊ शकते, आणि हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी गोळी द्यायची. यानंतर मृत्यूचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आत आलं.

'हातपाय गरम होईपर्यंत.' श्रोतेहो, आम्ही साहित्याचे विद्यार्थी, पण उपचाराच्या सूचनेत इतकं नेमकं आणि इतकं मानवी वाक्य आम्ही फार कमी वाचलंय. त्यात मोजमाप आहे, आणि मोजायचं उपकरण म्हणजे कुणाचा तरी तळहात आहे. तिथे रात्रभर जागं असलेलं कुणीतरी गृहीत धरलंय.

आणि या गोष्टीचा पुढचा अध्याय तर कुठल्याच गुप्तहेरकथेत सापडणार नाही. २०११ साली 'बीएमजे'मध्ये बावस्करांचा एक अभ्यास आला. मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होणारी विंचवाची प्रतिविष लस आणि प्राझोसिन एका गटाला, नुसतं प्राझोसिन दुसऱ्या गटाला. एकूण ७० रुग्ण, ३५ आणि ३५. दहा तासांत पहिल्या गटातले ३२ बरे झाले, दुसऱ्यातले ८. नुसतं प्राझोसिन घेणाऱ्यांना बरं व्हायला सरासरी सुमारे १८ तास लागले, दोन्ही मिळणाऱ्यांना सुमारे ८. आता बघा, ज्या औषधाने या माणसाचं नाव जगभर गेलं, त्याच औषधाला त्यांनी परीक्षेला बसवलं आणि ते एकटं पुरेसं वेगवान नाही असा निकाल स्वतःच्या सहीने छापला. चाळीस वर्षांची ही गोष्ट आहे. तिच्यात घड्याळाच्या चित्रासारखा एक क्षण शोधायला गेलात तर सापडत नाही. नोंद, शंका, सुधारणा, पुन्हा नोंद. आपल्याला ही गोष्ट सांगता येत नाही म्हणून आपण तिची जिद्दीची कहाणी करून टाकतो. गरिबीतला मुलगा, मोठा डॉक्टर, पद्मश्री. यात विंचूही गेला आणि तळहातही गेला.

इथे एक गोष्ट जाता जाता. आपल्याकडे विंचू उतरवणाऱ्यांची जुनी परंपरा आहे, आणि २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याला मुद्दाम लिहावं लागलं की कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. मांत्रिकाकडे लोक का जात? एक कारण असं की बऱ्याच विंचवांचा दंश दुखतो भयंकर, पण जीव घेत नाही. मग मंत्राने उतरला असं वाटणारच. मांत्रिकाची गोष्टही एका क्षणाचीच असते, हे ध्यानात घ्या. त्याने फुंकर मारली आणि उतरला. आपण डॉक्टरची गोष्टही त्याच चालीवर सांगू लागलो, तर मांत्रिकाच्या गोष्टीत आणि हिच्यात फरक काय उरला?

कोपनहेगनचा हात

तिसरी गोष्ट थोडक्यात, कारण ती आयसीयूच्याच जन्माची आहे. १९५२, कोपनहेगन, पोलिओची साथ. ब्लेगडॅम रुग्णालयात रोज नवे रुग्ण येत होते आणि श्वासाची यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. श्वास अडकलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ गेले. समज असा होता की विषाणूने मेंदूच व्यापलाय, आता इलाज नाही. रक्तातला एक आकडा वाढलेला दिसे, पण त्याचा अर्थ वेगळाच लावला जाई. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने म्हटलं की हा आकडा सांगतोय की शरीरात कार्बन डायऑक्साइड कोंडलाय, ही माणसं गुदमरताहेत. त्यांनी एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी दाबून हाताने श्वास दिला. ती वाचली. मग पाळ्या लावून सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी महिनोन्‌महिने पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

पोलिओवर औषध सापडलं का? नाही. आजाराचं नाव पहिल्यापासून माहीत होतं, शेवटपर्यंत त्याला औषध नव्हतं. इथेही शोध लागला तो मरणाच्या वाटेचा. आणि शोध इब्सेन यांचा असला, तरी तो खरा केला १५०० जोडी हातांनी. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत.

आता तिन्ही गोष्टी शेजारी ठेवू. कहालान यांच्यात नाव माहीत नव्हतं आणि नाव कळल्यावर वाट उघडली. महाडला नाव माहीत होतं, वाट माहीत नव्हती. कोपनहेगनलाही तसंच, आणि तिथे तर नावावर उपायच नव्हता. निदान हा शब्द आपण फक्त नावासाठी वापरतो आणि तिथे आपली वाचनाची चूक होते. संस्कृतात 'निदान' म्हणजे मूळ, कारण. आयुर्वेदाच्या ग्रंथांत निदानस्थान असतं, तिथेही नुसती नावं नाहीत. कारण, पूर्वलक्षणं, आजार शरीरात कसा पसरतो याचाही विचार आहे. म्हणजे शब्दाचा जुना अर्थ आजच्या आमच्या वापरापेक्षा मोठा आहे. आयसीयूत एकाच वेळी दोन निदानं चालू असतात : हे काय आहे, आणि हा माणूस या क्षणी कोणत्या वाटेने आपल्याकडून चाललाय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थांबू शकत नाही. श्वास कमी पडतोय तर श्वास द्या, दाब पडतोय तर तो सांभाळा, मूत्रपिंड थकलंय तर त्याचं काम यंत्राला द्या, आणि ज्याच्यावर स्वस्त, सोपा इलाज आहे अशा गोष्टीचा संशय असेल तर पुराव्याची वाट न बघता तो सुरू करा. पहिल्या प्रश्नाला या सगळ्याने वेळ मिळतो. आमच्या आत्याला तो चार दिवस मिळाला, म्हणून सिस्टरांना खपली सापडायला आत्या होती.

म्हणून आजाराची कुठलीही गोष्ट वाचताना, चित्रपट बघताना आम्ही आता तीन प्रश्न विचारतो. नाव सापडेपर्यंत माणसाला कुणी जगवलं आणि कसं? नाव सापडल्यावर पुढचं वर्ष कसं गेलं? आणि ज्याला नाव मिळालंच नाही, तो या गोष्टीत कुठे आहे? पहिल्या दोन प्रश्नांना चांगली पुस्तकं उत्तर देतात. तिसऱ्याला देणं फार अवघड आहे, कारण आजारपणाची पुस्तकं वाचलेली माणसं लिहितात, आणि बहुधा ज्यांना नाव मिळालं तीच. हा या साहित्यप्रकाराचाच दोष आहे, एखाद्या लेखकाचा नाही. कहालान यांचं मोठेपण हे की त्यांनी आरशातल्या त्या मुलीला आपल्या पानावर जागा दिली.

शेवट करतो. घरच्या गोष्टीतला एक भाग आम्ही मघाशी सांगितला नाही.

आत्याच्या शेजारच्या खाटेवर एक तरुण होता. बांधकामावर मजुरी करायचा. त्यालाही ताप, त्यालाही धाप. तो आत्या आल्याच्या दुसऱ्याच रात्री गेला, खपली सापडायच्या दोन दिवस आधी. कागदावर श्वसन बंद पडल्याचं लिहिलं. त्याचा थोरला भाऊ बाकड्यावर आमच्या शेजारी बसायचा, आमच्या डब्यातली पोळी त्याने एकदा खाल्ली होती. आठवड्याने तो राहिलेले कागद न्यायला आला तेव्हा आत्याचा व्हेंटिलेटर निघाला होता. त्याने विचारलं, "तुमच्याकडं काय निघालं, दादा?" आम्ही नाव सांगितलं. त्याला ते नीट ऐकू गेलं नाही. आम्ही पुन्हा सांगितलं, त्याने बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं आणि आमच्याकडून अक्षरं तपासून घेतली. मग म्हणाला, "त्याला बी हेच असंल का?"

आम्ही म्हणालो, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि गेला.

व्याख्यान इथे थांबवतो. आता प्रश्न घेऊ.